एका घराला एक फोन

नफीसा मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका अनोळखी माणसाची शिवी मोठ्यानं वाचत होत्या. शिवी साधीसुधी नव्हती. ॲप बनवणाऱ्याच्या आईवरून निघून, त्याच्या खानदानाला वळसा घालून, परत आईवर येणारी होती. मॅडम ती शाळेत धडा वाचावा तशी, एकही शब्द न गाळता, स्वच्छ आवाजात वाचत होत्या आणि टेबलाभोवतीची पोरं-पोरी माना खाली घालून ऐकत होती. मी दारात उभी. अंगावर इस्त्रीचा ड्रेस, हातात पदवीची फाईल. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, त्यामुळे ती फाईल मी छातीशी धरून चालायचे. मला वाटलं, आपण चुकीच्या जिन्यानं वर आलो.

"ये गं, बस," त्या म्हणाल्या. "ही आपली सकाळची प्रार्थना. शिव्या गाळायच्या नाहीत. माणूस उगाच शिवी देत नाय. त्याच्या आधी त्यानं पाच-सहा वेळा बटण दाबून बघितलेलं असतं."

कर्जतला, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस होतं. खेळ बनवणारी कंपनी शहरातली. तिला आम्ही 'वरचं ऑफिस' म्हणायचो, जरी आम्ही पहिल्या मजल्यावर आणि ते कुठल्या मजल्यावर हे आम्हाला ठाऊक नव्हतं. खेळ त्यांचा. त्या खेळाच्या कडेवर बसलेलं एक छोटं ॲप आमचं. लॉगिनचा कोड त्यातून मागवायचा. आपला संघ, दोस्तांची यादी, मिळालेली बक्षिसं, कुणी खातं पळवलं तर त्याला कुलूप लावायची सोय, सगळं त्या छोट्या ॲपात. आम्ही ते बनवायचो आणि मग रोज दुरुस्त करत बसायचो, कारण फोन बदलतात, खेळ बदलतो, आणि काल चालणारी गोष्ट आज चालत नाही.

जे खेळत नाहीत त्यांना खातं म्हणजे काय ते कळत नाही. माझ्या वडिलांनाही कळलं नव्हतं. मॅडमनी त्यांना एका वाक्यात सांगितलं होतं, "काका, सातबारा हाय तो पोरांचा. कित्येकांच्या नावावर दुसरं काय असतं?" वडील शेतकरी. त्यांना लगेच समजलं. वर्षानुवर्षं खेळून मिळवलेलं नाव, चढलेल्या पायऱ्या, संघातली जागा, सगळं त्या खात्यात. खातं गेलं की ते सगळं गेलं.

मॅडम नेरळच्या. घराणं मूळचं किनाऱ्याकडचं, आजोबांच्या वेळी व्यापारासाठी वर आलेलं. वडिलांची बेकरी. त्यामुळे मॅडमच्या डब्यात काही ना काही भाजलेलं असायचंच, आणि सणाला नारळाच्या दुधातली सांदणं. मनगटाला अत्तर लावायच्या आणि चपलांच्या बाबतीत भयंकर चोखंदळ. नवी चप्पल आणली की कुणीतरी ती पाहिल्याशिवाय काम सुरू होत नसे. नम्र वगैरे अजिबात नव्हत्या. "माझ्याइतकं हे ॲप कुणाला समजत नाय" असं तोंडावर म्हणायच्या, आणि ते खरं होतं म्हणून आणखी राग यायचा. कुणी चिप्स कुरकुरत खाल्ले तर बाहेर हाकलायच्या. एकदा एका पोराला त्यांनी इतकं झापलं की तो जिन्यात जाऊन रडला. मग स्वतःच त्याच्यासाठी नानकटाई घेऊन जिन्यात गेल्या आणि तिथे बसून त्याला आणखी थोडं झापलं.

मला पहिलं काम दिलं ते कोड लिहायचं नाही. एक जुना, काचेला तडे गेलेला फोन हातात दिला. त्याला ऑफिसात 'आजोबा' म्हणायचे. "आजोबावर लॉगिन करून दाखव," म्हणाल्या. मी कोड मागवला. कोड मेसेजमध्ये आला, पण तो वाचून परत ॲपात येईपर्यंत त्याची मुदत संपली. परत मागवला. परत संपली. अर्ध्या तासात माझंच खातं बंद झालं आणि माझ्या तोंडून, माझ्या पदवीसकट, एक शब्द निघाला.

"लिही तो," मॅडम म्हणाल्या. "आता तू कामाला लागलीस."

आणि मग त्या मला घेऊन घाटातल्या ठाकुरवाडीला गेल्या. नवी आवृत्ती निघायच्या आधी त्या तिथे जायच्याच. का, तर तिथे रेंज एका ठिकाणी येते आणि दोन पावलांवर जाते. "इथं चाललं तर कुठंबी चालंल," त्यांचा हिशेब. पिशवीत आजोबा, पायात महागातली चप्पल, आणि ती मळली की अख्ख्या रेल्वेला शिव्या.

तिथे एक घर त्यांच्या ओळखीचं होतं. बाप रेल्वेत रुळाच्या कामावर, आई, दोन मुलगे, आणि मंजुळा नावाची कॉलेजात जाणारी मुलगी. घरात फोन एक. तो दाराच्या चौकटीला ठोकलेल्या खिळ्याला पिशवीत टांगलेला, कारण रेंज तिथेच. सगळे तो खेळ खेळायचे, अगदी आईसुद्धा, आणि प्रत्येकाचं खातं वेगळं. मंजुळा सगळ्यांत तरबेज. नेरळची एक मुलगी आणि खालापूरच्या दोघी बहिणी यांच्याबरोबर तिनं संघ केला होता. पण पाळी बदलली की एकानं बाहेर पडायचं, दुसऱ्यानं आत शिरायचं, त्याचा कोड मागवायचा, कोड येईपर्यंत रेंज जायची, आणि घरात भांडण.

"आये, तुझी पाळी झाली, आण इकडं!"

"थांब रं, आत्ता कुठं आत गेले मी! कोड येईस्तो तुझा बा म्हातारा झाला."

मॅडम ओसरीवर बसून हे सगळं बघत होत्या. हसत नव्हत्या. परतीच्या वाटेवर एकदम म्हणाल्या, "हे आपल्या ॲपचं चुकलंय गं सुनी. एका माणसाला एक फोन, असं धरून बनवलंय आपण. इथं एका घराला एक फोन हाय."

महिना-दीड महिना त्या त्यामागे लागल्या आणि ॲपमध्ये एक नवं बटण आलं: 'खातं बदला'. घरातल्या प्रत्येकाचा आपापला छोटा पिन. फोन हातात आला की आपलं नाव दाबायचं, पिन टाकायचा, खेळायचं. बास. तुम्हाला हे किरकोळ वाटेल. ते आलं त्या आठवड्यात सकाळच्या वाचनात शिव्या इतक्या कमी झाल्या की मॅडमना करमेना. वरच्या ऑफिसनं बक्षीससमारंभ केला आणि त्या बटणाबद्दल शहरातल्या कुणाला तरी ट्रॉफी दिली. मॅडम म्हणाल्या, "घेऊ दे. त्याला पुसायला लागंल."

त्यानंतरची गोष्ट लिहिताना मला अजून राग येतो.

वरच्या ऑफिसात लक्षात आलं की काही लबाड लोक एकाच फोनवर ढीगभर खोटी खाती उघडून नवीन खात्याला मिळणारी भेट उचलतात आणि विकतात. हे खरं होतं. चोर होते, ते पकडायलाच हवे होते. पण त्यांनी काय नियम काढला? एका फोनवर दोनांहून जास्त खाती दिसली की सगळी कायमची बंद. आणि फोनवर किती खाती आहेत हे बघायचं काम आमच्या छोट्या ॲपचं. म्हणजे मॅडमच्या हातानं.

वरून सौरभ सर आले समजावायला. स्वभावानं गोड माणूस, आवाज कधी चढत नाही. अशी माणसं मला आता जास्त खुपतात.

"मॅडम, एका फोनवर चार-पाच खाती हा नॉर्मल वापर नाहीये," ते म्हणाले. "फ्रॉडचा पॅटर्न आहे हा."

"बटण आपणच दिलं ना सर? 'खातं बदला' आपणच लिहिलं. लोकांनी ते दाबलं म्हणून त्यांना चोर म्हणायचं?"

"तुमच्या वाडीबिडीच्या केसेस अपवादात्मक आहेत."

"अपवाद?" मॅडमची खुर्ची मागे सरकली. "हा अख्खा तालुका अपवाद? खालापूर अपवाद? ह्या पोरीला विचारा, तिच्या घरी किती फोन होते."

मला विचारायची गरज नव्हती. आमच्या घरी एकच फोन होता आणि भाजी पोचवायला जाताना तो वडील टेंपोवर घेऊन जायचे. माझा कॉलेजचा प्रवेश शेजारणीच्या फोनवरून झाला. माझा निकाल चुलत्याच्या फोनवर आला. त्या नियमानं पाहिलं तर आमचं घर म्हणजे टोळी आणि मी टोळीतली पहिली ग्रॅज्युएट.

मॅडमकडे उपाय नव्हता असंही नाही. त्यांनी तो मांडला. चोर भेट उचलतो आणि खातं टाकून देतो. घरातली माणसं पाळीपाळीनं, महिनोन् महिने खेळतात. कोण खेळतं आणि कोण नुसतं उचलतं एवढं बघा, चोर आपोआप वेगळे निघतील. सौरभ सर म्हणाले, त्याला वेळ लागेल. नियम सोपा हवा.

तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सर, तुमचा फोन द्या बघू जरा."

त्यांनी दिला. मॅडमनी आमचं ॲप उघडलं आणि 'खातं बदला' दाबलं.

"हे तुमचं. हा 'ड्रॅगनबाबा' कोण?"

"माझा मुलगा," सर हसले.

"आणि ही 'पिंकी क्वीन'?"

"मुलगी. घरी गेलो की दोघं माझ्याच फोनवर..." आणि ते थांबले.

"म्हणजे सर, पहिलं तुमचंच घर बंद पडलं!"

सगळं ऑफिस हसलं. सरही हसले, लाजल्यासारखे झाले. त्या संध्याकाळी आम्ही खाली जाऊन भजी खाल्ली. आम्हाला वाटलं, पटलं त्यांना. घरी पोरं असलेला माणूस आहे, पटणारच.

पुढच्या आठवड्यात नियम आला. जसाच्या तसा. फक्त खाली एक ओळ वाढवलेली: कंपनीच्या कर्मचाऱ्यांच्या फोनना हा नियम लागू नाही.

ती ओळ मॅडमनी मोठ्यानं वाचली. मग परत वाचली. मी त्यांना ओरडताना शेकडो वेळा पाहिलंय, पण त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत आणि मला भीती वाटली. म्हणजे वरच्या लोकांना समजत नव्हतं असं नाही! चूक त्यांना समजली होती, नीट समजली होती, आणि त्यांनी त्या चुकीतून फक्त स्वतःला बाहेर काढलं होतं. अडाणीपणाला मी माफ करीन, मी अडाणी घरातूनच आले आहे. ह्याला काय म्हणायचं?

नवी आवृत्ती लोकांपर्यंत सोडायला मॅडमची मंजुरी लागायची. त्यांनी ती दिली नाही. "माझ्या हातनं हे जाणार नाय," एवढंच कळवलं. वरच्या ऑफिसनं त्यांचा अधिकार काढून घेतला आणि आवृत्ती स्वतःच सोडली.

खाती पटापट बंद पडली, बंद खात्याचं नाव खेळात लाल दिसायला लागलं. भावंडं, नवरा-बायको-पोरं, एका खोलीत राहणारे कामगार, सगळे एकजात. कर्जत-खालापूरच नाही, कुठून कुठून लोक लिहायला लागले. मंजुळाच्या घरातली पाचही खाती गेली. खोपोलीला मोठ्या पडद्यावर सामने व्हायचे होते, तिच्या संघाची त्यात निवड झालेली. संघातल्या खालापूरच्या दोघी बहिणींचा आणि त्यांच्या भावाचा मिळून एकच फोन, तीही तिन्ही खाती गेली. सामने गेले.

लोकांना पाठवायला वरून तयार उत्तर आलं होतं: 'नियमभंगामुळे आपले खाते कायमचे बंद करण्यात आले आहे. हा निर्णय अंतिम आहे.' काय भाषा! जन्मठेपेलासुद्धा माणूस अपील करतो.

मॅडमनी ते उत्तर पाठवलं नाही. त्यांनी आपलं लिहिलं, आणि एकेकाला पाठवत बसल्या: 'तुम्ही काही चुकीचं केलेलं नाही. एका फोनवर घरातल्या सगळ्यांनी खेळायची सोय आम्हीच दिली होती. चूक आमची आहे. नफीसा, ॲप विभाग, कर्जत.'

"मॅडम, नाव कशाला घालता?" मी म्हटलं.

"नाव नसलेलं उत्तर कुणाला खरं वाटतं का गं?"

लोकांनी त्या उत्तराचे फोटो काढून इकडेतिकडे पाठवले. मग वरच्या ऑफिसला जाग आली. कंपनीच्या भूमिकेविरुद्ध लिहिलं म्हणून मॅडमना घरी बसवलं. माणसं अडकली तेव्हा आठवडाभर वरून त्या तयार उत्तरापलीकडे काही हललं नव्हतं. मॅडमना काढायला दुपारसुद्धा लागली नाही.

थोड्या दिवसांनी सौरभ सरांनी त्यांना भेटायला बोलावलं, खालापूरला टोलनाक्याजवळच्या एका हॉटेलात. मॅडमच्या जागी मला बसवायचं घाटत होतं, म्हणून मलाही बोलावलं. सर म्हणाले, वरचे लोक शांत झालेत. मॅडमनी फक्त एवढं लिहून द्यायचं की ती उत्तरं चुकून गेली, नियम बरोबर आहे. नोकरी परत. आणि शिवाय, सर जरा पुढे झुकले, "ती तुमची ठाकुरवाडीची फॅमिली आहे ना, त्यांची खाती मी स्वतः उघडून देतो. आजच."

"आणि बाकीच्यांची?"

"बाकीचं नंतर बघू."

मॅडमनी चहाचा कप बाजूला सारला. मला ठाऊक होतं त्यांच्या डोक्यात काय चाललंय. नोकरीचं नाही. मंजुळाचं. त्या पोरीचं वर्षानुवर्षांचं खेळणं एका सहीवर परत मिळत होतं.

"हे माझं एकटीचं नाय," त्या म्हणाल्या आणि फोन लावला. स्पीकरवर, टेबलाच्या मधोमध.

"हालो, कोन?" मंजुळाचा भाऊ.

"नफीसाताई. मंजुळा हाय का रं?"

"हाय की. ए आये, धर फोन, मला निघायचंय!"

मग आई. "ताई का? बऱ्या हाव ना? आवं, आमची नावं त्या खेळात लाल झाली ती कधी निघायची? ह्यो माणूस मला चोरीन म्हनून हाक मारतो, च्या टाक गं चोरीन म्हनतो!" मागून बापाचं हसू. "मंजुळे, धाव, ताईचा फोन!"

सौरभ सर त्या फोनकडे बघत होते. एका फोनवर अख्खं घर असतं म्हणजे काय, ते त्यांच्या पुढ्यात बोलत होतं. कुठल्याही पॅटर्नमध्ये ते त्यांना असं दिसलं नसेल.

मंजुळा आली, धापा टाकत. मॅडमनी तिला सगळं सरळ सांगितलं. मी सही केली तर तुझं खातं आज उघडतं. तुझ्या घरच्यांचं पण.

"आनि त्या दोघींचं? खालापूरच्या?"

"नाय."

 

"मग नको ताई," ती म्हणाली. "मी त्यांना काय सांगू? माझं वळखीनं उघडलं? आनि तुमी का लिवून देता? आमी चोर हाव असं?"

"तसंच होईल ते."

"मग नकोच. समद्यांचं उघडलं तर सांगा. बा, देते रं, थांब जरा. ठिवते ताई, बा ड्युटीवर चाललाय."

मॅडमनी फोन पर्समध्ये टाकला. सर म्हणाले, "ती भावनेच्या भरात बोलली, मॅडम. तुम्ही विचार करा."

"तिनं विचार केला सर. म्हणून तर नाय म्हणाली." मॅडम उठल्या. "आणि तो नियम बरोबर हाय असं लिहून पायजे ना? तुमच्या फोनवरची पोरांची खाती आधी बंद करा. मग लिहून देते."

सरांच्या पोरांच्या खात्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही, पण नियम अजून आहे आणि खालची ती ओळही अजून आहे. मी मॅडमची जागा घेतली नाही; तसं सरांना तिथेच सांगितलं. आता दुसरीकडे काम करते. मुलाखतीत विचारतात, काम कुठे शिकलात, तेव्हा मी कंपनीचं नाव सांगत नाही. नफीसा मॅडमचं सांगते.

त्या दिवशी सरांशी दोन शब्द बोलून मी हॉटेलाबाहेर आले तोवर मॅडम रस्ता ओलांडून पलीकडच्या एस.टी.च्या थांब्यावर पोचल्या होत्या. ट्रक सुसाट जात होते, त्यांच्या वाऱ्यानं ओढणी उडत होती आणि त्या एका हातानं ती धरून उभ्या होत्या. थांब्यावर बाजाराच्या पिशव्या घेतलेल्या दोन-तीन म्हाताऱ्या, एक पोटुशी बाई. गाडी आली आणि ड्रायव्हरनं ती थांब्यावर न लावता तशीच पुढे काढली. पार तिकडे, वळणापाशी नेऊन उभी केली.

त्यांचा आवाज मला एवढ्या गाड्यांतून रस्त्याच्या अलीकडे ऐकू आला.

"ओ मास्तर! थांबा इथं हाय का तिथं हाय? म्हाताऱ्या माणसांनी पळत यायचं काय तुमच्यामागं? घ्या मागं! मागं घ्या आधी गाडी!"

कंडक्टर दारातून हात हलवून 'या, या' करत होता. त्या जागच्या हलल्या नाहीत. एक हात कमरेवर, दुसऱ्या हातानं म्हाताऱ्यांना 'थांबा तुम्ही' म्हणत. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. कंडक्टर खाली उतरला, चरफडत गाडीच्या मागे आला, शिट्टी वाजवायला लागला. आणि ती लाल गाडी घरघरत, हळूहळू, थांब्यापर्यंत मागे आली. मॅडमनी आधी म्हाताऱ्यांना चढवलं, मग त्या बाईला, तिची पिशवी आत दिली, आणि सगळ्यांत शेवटी, कंडक्टरला काहीतरी सुनावतच, आत चढल्या.